सुईची जुनी भोकं

शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि निकेशची निळी पँट घोट्याच्या वर गेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगं चार बोटं वाढलं होतं. भैयाजी टेलरने पँट उलटी करून मांडीवर घेतली. आत दुमड असणार हे त्याला ठाऊक होतं. रुखमा लेकरांच्या प्रत्येक कपड्यात दुमड सोडायची, चांगली दोन वर्षं पुरेल एवढी.

रुखमा तापाने गेली त्याला सात महिने झाले होते. तोवर घरच्या कपड्यांना भैयाजीने कधी हात लावला नव्हता. आरमोरीच्या बाजाराच्या रस्त्यावर, पत्रूच्या चहाच्या टपरीला लागून, टिनाच्या शेडात त्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या पँटी, ब्लाउज, साड्यांचे फॉल यांत मान घालून बसायचं. घरचे कपडे रुखमा हातसुईने शिवायची.

"तुमी गिऱ्हाईकाचं पाहा," ती म्हणायची. "घरचं माह्याकडे राहू द्या. तुमी घरचं शिवाले बसले का मले वाटते, एवढ्या वेळात एक बिलाऊज झाला असता."

तो हसायचा आणि दुकानाकडे निघायचा.

घर तिच्याच हातात होतं. उकडलेलं अंडं ती शिलाईच्या दोऱ्याने कापायची, बरोबर मधून. चौघांना दोन अंड्यांचा रस्सा. अंगाचा साबणही दोऱ्यानेच कापायची. जुन्या वह्यांतले कोरे कागद वेगळे काढायची आणि दुकान बंद झालं की त्याच्या मशीनवर टीप मारून त्यांच्या नव्या वह्या करायची. पावसाळ्यात रस्त्याकडेचा तरोटा खुडून आणायची, तेवढीच आठवडाभर भाजी फुकटची. लेकरांना यात कधी कमीपणा वाटला नाही. अंडं कापताना दोरा धरायला निकेश आणि त्याची मोठी बहीण दिव्यानी यांची भांडणं व्हायची.

एकच गोष्ट भैयाजीने आपल्याकडे ठेवली होती. दिवाळीला आणि शाळा उघडताना तो रुखमाच्या हातावर कपड्यांचे पैसे ठेवायचा. "कटपीस आण. नवाच आण. माझ्या लेकरांनी कोणाची उतरण घालायची नाई."

त्याला कारण होतं. डोमा त्याचा मोठा भाऊ. लहानपणी भैयाजीने डोमाचेच कपडे घातले, गुडघ्यावर ठिगळ लावलेले. टेलरच्या पोराला नवा सदरा नाही, म्हणून शाळेत पोरं हसायची. पुढे बाप गेला आणि डोमाने बापाचं बाजारातलं दुकान परस्पर विकून टाकलं. त्या पैशांवर तो बल्लारपूरला गेला, नोकरीला लागला, घर बांधलं. भैयाजीच्या वाट्याला बापाचं मशीन आलं. त्याला अठरा वर्षं झाली. भैयाजी त्याच्या दारात गेला नाही.

ब्लेडने त्याने दुमडीचे टाके कापले. आतला कपडा गडद निळा निघाला, न विटलेला. ते बरोबरच होतं. पण त्या गडद पट्टीवर सुईच्या भोकांची आणखी एक रेघ होती. ही दुमड आधी कुणीतरी एकदा घातली होती, एकदा सोडली होती, आणि मग पुन्हा घातली होती.

त्याने पँट खिडकीकडे नेली. कंबर दोन्ही बाजूंनी आत घेतलेली. आतल्या कडेला ओव्हरलॉक, मशीनने गुंफलेली कड. ओव्हरलॉकचं मशीन त्याच्याकडे नव्हतं आणि रुखमाच्या सुईने तो टाका पडत नाही. कमरेच्या आतल्या अंगाला एक पांढरी पट्टी शिवलेली होती, बारीक, एकसारख्या टाक्यांची. रुखमाचा हा हात त्याच्या ओळखीचा होता. बाराशे लोकांच्या टाक्यांतून त्याने तो ओळखला असता. त्याने पट्टी उसवली. खाली धोब्याच्या काळ्या शाईत लिहिलं होतं: अतुल डो.

डोमाचा मुलगा अतुल दोन वर्षं वसतिगृहात होता. तिथे कपड्यांवर नाव लिहावं लागायचं.

 भैयाजीला रुखमाच्या तेरवीचा दिवस आठवला.

तेरवीला डोमा आला होता, बायकोला, अन्नपूर्णावैनीला घेऊन. अतुलही होता. जेवणं झाल्यावर डोमा म्हणाला होता, "भैया, दिव्यानी बारावी झाली का आमच्याकडे पाठव. बल्लारपूरवरून सकाळच्या गाडीनं चंद्रपूर, पास काढला का काही खर्चच नाई. पोरगी शिकन."

सगळा मोहल्ला बसलेला. भैयाजीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "माझी बायको गेली, पण घर नाई गेलं. आजवर माझ्या लेकरांनी कोणाची उतरण घातली नाई, अन कोणाच्या दारात राहिली नाईत. पुढंही राहणार नाईत."

निकेश त्याच्या शेजारी उभा होता. अंगात चौकडीचा शर्ट. अतुल समोर बसला होता. अन्नपूर्णावैनीने त्या शर्टाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि बुंदीची परात उचलून आत गेली.  तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण तोंड बंद केलं यांचं.

आता बारावीचा निकाल लागला होता. दिव्यानीला चंद्रपूरला रक्त-लघवी तपासायच्या कोर्सला नंबर लागला होता. फी माफ होती. खोली आणि खानावळ परवडणारी नव्हती. शनिवारी कागद घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ती दोनदा म्हणाली होती, "बल्लारपूरले मोठेबाबाकडे राहीन मी." दोन्ही वेळा त्याने नाही म्हटलं होतं, आणि दुसऱ्यांदा ताट सरकवलं होतं.

भैयाजीने त्या दिवशी दुकान उघडलं नाही. घरातली टिनाची पेटी ओढली आणि एकेक कपडा काढला. चौकडीच्या शर्टाला कॉलरमागे दुसऱ्या टेलरच्या लेबलाची चार टोकांची भोकं होती. दिव्यानीचा पिवळा कुडता, जो रुखमाने कटपीस म्हणून दाखवला होता, त्याच्या खालच्या काठावर बारीक टाक्यांची रांग होती. ती रांग तो दिवसातून चार वेळा स्वतः घालायचा. साडीचा फॉल. कुडता अन्नपूर्णावैनीच्या साडीतून बेतलेला होता. तो प्रत्येक कपडा उसवत गेला. आधी पाहण्यासाठी उसवत होता, नंतर पाहायचं काही राहिलं नव्हतं, तरी उसवत होता.

दिव्यानी नळावरून पाणी घेऊन आली तेव्हा खोलीभर बाह्या, पाठी, पायचे पडले होते.

"बाबा! हे काय करून राह्यले?"

"कोणाचे हायेत हे कपडे?"

तिने पाण्याचा गुंड खाली ठेवला. खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "निकेशचे अतुलदादाचे. माहे मोठीआईच्या साड्याचे."

"तुले माहीत होतं."

"पाचवीपासून."

"अन निकेशले?"

"त्याले मागच्या साली समजलं. खिशात बल्लारपूरच्या बसचं जुनं तिकीट निघालं. मंग आईनं सांगतलं त्याले. तो म्हणे, बाबाले नाई सांगत, पण मले शर्टासंग बॅटही पाठवा म्हणा."

भैयाजीला हसू आलं नाही. "मी कपड्याचे पैसे देत होतो. दर दिवाळीले. थे कुठी गेले?"

"तेलात."

"काय?"

"खायच्या तेलात, बाबा. डाळीत. निकेशचा चष्मा झाला थो त्यातूनच. कपड्याचे पैसे तुमी न चुकता देत. किराण्याले म्हणत, भागव कसंबी. मंग आईनं भागवलं."

"मले सांगाले काय झालं होतं तिले? चोरी होती का?"

"सांगतलं असतं त घालू देलं असतं?"

त्याचा आवाज चढला. "तेरवीले सगळ्यांसमोर बोललो मी! अतुल समोर होता! तुमी दोघंही होते तिथी! एकानं तरी माहा हात धराचा!"

"काय म्हणत धरू हात?" दिव्यानीचे डोळे भरले होते, पण ती मागे सरली नाही. "आई म्हणे, तुह्या बाबाले दोनच शौक हायेत. एक चाय अन एक उतरण न घालणं. दोन्ही चालू द्या."

हे तिने बोलायला नको होतं. तिलाही ते लगेच कळलं. पण भैयाजीला आता ते तिघं दिसले, चुलीजवळ बसलेले, पेटीतून नवी पिशवी काढताना, तो दुकानात असताना. रुखमा हे बोलली तेव्हा ती हसली असणार. लेकरंही हसली असणार. त्याच्याच घरात.

"पिशवी कोण आणे?" त्याने विचारलं.

ती जमिनीवरच्या बाह्या गोळा करू लागली.

"दिव्यानी."

"एसटीचा कंडक्टर. पत्रूकाकाच्या टपरीवर ठेवून जाये."

पत्रू गिलास विसळत होता. भैयाजीला पाहून त्याने भांडं स्टोव्हवर ठेवलं. "आज दुकान बंद? तब्येत बरी नाई का गा?"

"किती वर्षं, पत्रू?"

"काय किती वर्षं?"

"बल्लारपूरची पिशवी."

पत्रूने स्टोव्ह बारीक केला. "सात-आठ झाले असतीन."

"रोज चार चाय पेतो मी तुह्या इथी. रोज. मले एक दिवस सांगता आलं नाई तुले?"

"वैनीनं शप्पत घातली होती गा. अन मी चायवाला माणूस. पिशवी येते, पिशवी जाते." मग हळू आवाजात म्हणाला, "एक डाव तूच उचलून देली होती. खालून भिजत होती म्हून. म्हणला, कोणाची आहे पत्रू, चांगली जड हाय."

भैयाजीला ते आठवलं नाही. पण पत्रू खोटं बोलत नव्हता. तो चहा न घेताच वळला.

घरी तोवर निकेश आला होता. बनियनवर उभा राहून तो जमिनीवरचे तुकडे पाहत होता. "बाबा, सोमवारी मी काय घालू?"

तेव्हा भैयाजीच्या ध्यानात आलं की त्याने घरातला एकूण एक कपडा उसवला आहे. दिव्यानीला शनिवारी घालायला अंगावरचा विटका गाऊन सोडून काही नव्हतं. नवा कपडा घ्यायला घरात पैसे नव्हते. रुखमा असती तर तिने काहीतरी भागवलं असतं. हे मनात आलं आणि तो आणखी चिडला.

त्याने सगळे तुकडे गाठोड्यात बांधले आणि दुकानात नेले.

दोन दिवस तो शिवत बसला. सुती कपड्याची भोकं पाणी मारून इस्त्री केली की बुजतात. टेरिकॉटची बुजत नाहीत. टीप दोन सूत इकडे मारली की जुनी भोकं उघडी पडतात आणि कपडा चाळणीसारखा दिसतो. म्हणजे रुखमाने जिथे सुई घातली होती तिथेच घालायची, दुसरा इलाज नव्हता. पिवळ्या कुडत्याची डावी बाही तिने चुकीची बेतली होती, खांद्याला थोडी चढलेली. गिऱ्हाईकाचा असता तर त्याने कधीच असा दिला नसता. पण कपडा तेवढाच होता. ती चूकही त्याला जशीच्या तशी शिवावी लागली.

तिच्याशी भांडायचं होतं त्याला. मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तिने सांगितलं असतं तर तो दोन दिवस जेवला नसता, हे खरं. कदाचित चार दिवस. पिशवी त्याने परत पाठवली असती, हेही खरं. पण मग त्याला कळलं तरी असतं की घरात तेल नाही. तिने त्याला ते कळू दिलं नाही. वीस वर्षं एका ताटासमोर बसून तिने त्याला पाहुण्यासारखं ठेवलं, मान राखून, दाराबाहेर. आणि आता विचारायला गेलं तर भिंतीवर फोटो होता. त्या दोन दिवसांत त्याने फोटोला उदबत्ती लावली नाही. दिव्यानीने लावली.

शुक्रवारी संध्याकाळी निकेश दुकानात आला. पँट इस्त्री करून घडी घातलेली होती. त्याने ती उघडून कमरेला लावून पाहिली. लांबी बरोबर होती.

"बाबा, ही पट्टी लावाची राहिली." टेबलावरची पांढरी पट्टी त्याने उचलली. "आतमधी अतुलदादाचं नाव दिसून राह्यलं."

"दिसू दे."

"पोरं पाहतीन ना."

"कोणाची हाय विचारलं त सांगजो, माह्या भावाची हाय." भैयाजीने पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि चिंध्यांच्या डब्यात टाकली. क्षणभराने ती परत काढली आणि मशीनच्या खणात ठेवली.

शनिवारी पहाटेच्या एसटीला तो दिव्यानीला सोडायला गेला. हो म्हणून त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. तिने पिवळा कुडता घातला होता. डावा खांदा चढलेला दिसत होता. तिची पिशवी त्याने खिडकीतून आत दिली.

"पोचली का पत्रूच्या फोनवर कळव," तो म्हणाला. मग खिडकीची दांडी धरून उभा राहिला. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाला, "डोमाले काही सांगू नको. मोठीआईले सांग, साड्याईले फॉल-पिको कराचा असन त बाहेर पैसे देऊ नको म्हणा. मी करून देतो. त्याच पिशवीत पाठवजो म्हणा."

"बरं, बाबा."

"अन सांग, मले माहीत झालं म्हणा."

गाडी गेली. तो चालत दुकानाकडे आला. पत्रूने गिलास भरून पुढे केला. भैयाजीने गिलासाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"किती दिवस असा राहशीन गा?" पत्रूने विचारलं.

"आठ वर्षं," भैयाजी म्हणाला, शेडाचं कुलूप काढलं आणि मशीनवरचं फडकं बाजूला केलं.