भरत जाणारं ताट

पद्माकररावांनी आयुष्यात शेवटापर्यंत नेलेली एकच गोष्ट म्हणजे नोकरी, असं कल्पनाबाई चारचौघांत सांगायच्या. आणि तीही सरकारने निवृत्तीची तारीख ठरवून दिली होती म्हणून.

जे. पी. नगरातल्या त्यांच्या घरात याचे पुरावे जागोजाग पडले होते. हौसेने केलेल्या पुस्तकांच्या मांडणीला वरची फळी बसलीच नव्हती. पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा केला होता, तो टाकी सोडून बाकी कशानेही वाजायचा, शेवटी कल्पनाबाईंनी त्याच्या तोंडाला चिंधी बांधली. कन्नड शिकायला घेतलं, ते बसच्या पाट्या वाचता येईपर्यंत. पुढचं सगळं 'स्वल्प', म्हणजे 'थोडंसं', या एका शब्दावर आणि हातवाऱ्यांवर भागत आलं होतं. माणूस आळशी होता म्हणाल तर मुळीच नाही. सुरुवात तर अशी दणक्यात करायचे की बघत राहावं. पण काम संपत आलं की त्यांचा जीव त्यातून उडायचा, त्याला कोण काय करणार? गंमत म्हणजे सरकारी कारखान्यात त्यांचा जन्म गेला तो तपासणी खात्यात, दुसऱ्यांनी पूर्ण केलेल्या कामातल्या चुका काढण्यात.

तर या पद्माकररावांना सून शमिकाने प्रोग्रामिंग शिकवायला घेतलं. शमिका आणि त्यांचा मुलगा मकरंद इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायचे आणि रविवारी जेवायला यायचे. जेवण झालं की मकरंद आडवा व्हायचा आणि सासरे-सून लॅपटॉप उघडून बसायचे. नवशिक्याने करावा असा एक खेळ शमिकाने त्यांना दिला. कॉम्प्युटरने मनात एक शब्द धरायचा आणि त्याच्या अक्षरांएवढे रिकामे चौकोन दाखवायचे. आपण एकेक अक्षर सांगायचं. बरोबर आलं तर ते आपल्या चौकोनात जाऊन बसतं. चुकलं तर पडद्यावर फासावरच्या माणसाचा एकेक अवयव उमटत जातो, आधी डोकं, मग धड, मग हातपाय. माणूस पुरा झाला की आपण हरलो.

पद्माकरराव त्या खेळाच्या असे मागे लागले की सकाळचं फिरणं सुटलं. काने-मात्रे अक्षरापासून सुटे होऊन भलत्याच चौकोनात जाऊन बसायचे, तेही त्यांनी शमिकाला फोन करकरून मार्गी लावलं. आणि त्या भरात त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत जाहीर करून टाकलं की यंदा आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तंबोला नाही, माझा स्वतःचा खेळ, टीव्हीच्या पडद्यावर.

कल्पनाबाईंना हे दुसऱ्यांकडून कळलं. त्यांचं हळदीकुंकू म्हणजे त्यांचा वर्षाचा मान होता. यशवंतपूरपासून बायका यायच्या, तंबोल्याला हशा पिकायचा, आणि घरी जातानाच पुढच्या वर्षीचं विचारून जायच्या. त्या एवढंच म्हणाल्या की तुमचं अर्धवट काही माझ्या बायकांसमोर नको. पद्माकरराव म्हणाले, या वेळी पुरं करतो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि यांनी त्याचा अर्थ विश्वास असा घेतला.

मग एकदा रिमोटचे सेल शोधताना त्यांनी शोकेसचा खण उघडला. आत तंबोल्याच्या तिकिटांचा कोरा गठ्ठा होता, वरचा कागदही न काढलेला. नुकताच आणलेला दिसत होता. पद्माकररावांना फार लागलं ते. रागावले असते तर बरं झालं असतं, पण रागावणार कुठल्या तोंडाने? मांडणी वरच्या फळीवाचून समोरच उभी होती. त्यांनी खण मुकाट्याने लावला आणि मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, तो गठ्ठा त्या दिवशी उघडला जाता कामा नये.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा कल्पनाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे एक हात नसलेला माणूस लोंबकळत होता. कप तसाच धरून त्या उभ्या राहिल्या.

"अहो, सवाष्णी हळदीकुंकवाला येणार, आणि मी त्यांना फासावरचा माणूस दाखवू?"

खरंच की. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिळगुळाच्या दिवशी घरात असलं अभद्र कोण दाखवतं? एरवी इतकं नडल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला असता आणि म्हणाले असते, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. पण तो गठ्ठा डोळ्यांसमोरून हलेना. चहा निवून गेला आणि त्यांना सुचलं. फास नको, तिळगुळाचं ताट ठेवू. ताटात पाच लाडू. चुकलं की एक लाडू कमी. ताट रिकामं झालं की खेळ संपला. माणूस पुसून त्यांनी ताट काढलं, लाडू काढले, सुरुवातीला पाच लिहिले, शेवटाच्या जागी शून्य लिहिलं. शमिकाने फोनवर विचारलं, बाबा, मी एकदा बघून देऊ का? हे म्हणाले, अगं, तपासणीत जन्म गेला माझा.

आणि तपासलंही त्यांनी, अगदी पोटभर. झारा, पोळपाट, खलबत्ता, सुगड, हलवा, एकेक शब्द सुटत गेला आणि पडद्यावर 'शाब्बास' येत गेलं. एकदाही अडलं नाही. अडेल कसं? शब्द सगळे त्यांनीच भरलेले, त्यांचं अक्षर चुकणार कशाला? पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात येतं.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी दिवाणखाना बायकांनी भरून गेला. वाण झालं, अत्तर लावून झालं, आणि पद्माकररावांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. ताट झळकलं तशी बायकांनी वाहवा केली. शमिका सतरंजीवर पुढेच बसली होती. कल्पनाबाई शोकेसला टेकून उभ्या होत्या, नेमक्या त्या खणापाशी.

पहिलं अक्षर सांगायचा मान महानंदाअक्कांना दिला. अक्का मूळच्या चिकोडीकडच्या, यजमानांचं यशवंतपूरच्या बाजारात धान्याचं दुकान, आणि कल्पनाबाईंच्या जुन्या मैत्रिणी. त्यांनी अक्षर सांगितलं, ते चुकलं, आणि ताटात पाचाचे सहा लाडू झाले.

पद्माकररावांना वाटलं आपल्याच डोळ्यांची चूक झाली. दुसऱ्या बाईंनी अक्षर सांगितलं, तेही चुकलं, सात झाले. काय झालं ते पद्माकररावांना लख्ख कळलं होतं. फासाच्या खेळात चुकलं की एक अवयव वाढायचा. त्यांनी माणूस काढला, ताट आणलं, सुरुवात बदलली, शेवट बदलला, पण मधली ती एक मिळवायची ओळ तशीच राहिली होती. हे ताट काही जन्मात रिकामं होणार नव्हतं. शमिकाच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

त्यांनी वर पाहिलं. कल्पनाबाईंचा हात खणाच्या मुठीवर गेला होता. खण अजून ओढला नव्हता, पण हात तिथे होता.

तेवढ्यात महानंदाअक्का म्हणाल्या, "हे बरं केलंत बघा अण्णा. संक्रांतीला बाईच्या पुढ्यातलं ताट भरतच जावं."

सुटका आयती चालून आली होती. नुसतं हसून मान डोलावली असती तरी निभावलं असतं. पण जन्मभर दुसऱ्यांची चूक दाखवलेल्या माणसाला आपली चूक गिळवेना.

"नाही हो अक्का, हे चुकलंय माझं. वजाबाकी करायची तिथे बेरीज राहिली. बसा जरा, आत्ता पुरं करतो."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी ती ओळ शोधली. शमिकाकडे पाहिलंही नाही. अधिकाच्या जागी उणे घातलं आणि खेळ पुन्हा सुरू केला. अक्षर चुकलं, लाडू गेला. पुन्हा चुकलं, पुन्हा गेला. शेवटी रिकामं ताट आलं आणि खाली 'तुम्ही हरलात' अशी ओळ. खेळ अगदी हवा तसा चालला होता. पद्माकररावांच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं.

पण दिवाणखान्यात हशा नव्हता. ते रिकामं ताट कुणालाच बघवेना. एक बाई तर पदर सावरून बसल्या, जणू उठायची वेळ झाली. मग महानंदाअक्काच चाचरत म्हणाल्या की अण्णा, तुमचं सगळं सरी आहे, बरोबर आहे, पण आम्हाला आपलं ते पहिलंच द्याल का?

पद्माकररावांनी कल्पनाबाईंकडे पाहिलं. त्या खणापाशी नव्हत्या. केव्हा पुढे आल्या कोण जाणे, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पुरं करून दाखवलंत, मी पाहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता बेरीजच राहू द्या."

मग काय विचारता. पद्माकररावांनी ती ओळ पहिल्यासारखी केली आणि बायका शब्द ओळखायचं सोडून चुकायच्या मागे लागल्या. झारा हा शब्द शेंबड्या पोरालाही कळला असता, पण अक्का डोळे मिचकावत 'ज्ञ' सांगत सुटल्या. ताट भरलं, लाडू पडद्याच्या कडेला जाऊन भिडले. शेवटी कुणीतरी टूम काढली की पडद्यावर जेवढे लाडू तेवढे यजमानीणबाईंनी जिच्या तिच्या हातावर ठेवायचे. शमिका डबे आणून आणून दमली, आणि मकरंदला आणखी लाडू आणायला मिठाईच्या दुकानात पिटाळावं लागलं.

निघायच्या वेळी लाडू बांधून द्यायला कागद पुरेनात. कल्पनाबाई शोकेसपाशी गेल्या, खण ओढला आणि तो गठ्ठा बाहेर काढला. पद्माकरराव बघत राहिले. कल्पनाबाईंनी वरचा कागद टर्रकन फाडला आणि तिकिटांच्या पुड्या बांधायला घेतल्या. ज्या जात होत्या त्या पुढच्या वर्षी हाच खेळ ठेवा म्हणून सांगून जात होत्या.

घर रिकामं झाल्यावर शेवटची पुडी त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली. गठ्ठा आपण पाहिला होता हे पद्माकरराव बोलले नाहीत, आणि तो का आणला होता हे त्याही बोलल्या नाहीत. पद्माकररावांनी पुडी उघडून लाडू तोंडात टाकला, तिकिटाची घडी करून खिशात ठेवली आणि मांडणीची वरची फळी कुठे ठेवलीय म्हणून विचारलं. ती माळ्यावर होती. कल्पनाबाईंनी स्टूल धरलं.