एकहाती ज्योत

कर्जतला जिम काढल्यापासून हर्षलला बारीक माणसांची कीव येऊ लागली होती. अशी माणसं जगतात कशाला, आणि जगलीच तर चारचौघांत का येतात, असं त्याला अगदी मनापासून वाटे. त्याच्या स्वतःच्या शर्टांना बाह्या नव्हत्या. दंडांनी त्या राहू दिल्या नव्हत्या.

घटस्थापनेला राशीनच्या देवीची ज्योत गावात येते. मंडळाची पोरं ती आळीपाळीनं, अनवाणी पळत आणतात. मागून टेम्पो, त्यात चपला, पाण्याचे जार आणि दमलेले भक्त. वेशीत जो ज्योत घेऊन पोचतो त्याचे पाय बायका धुतात आणि देवळातला दिवा त्याच्याच हातानं लागतो. यंदा हर्षलनं जाहीर केलं, ज्योत तो एकटा आणणार. वेशीवर फ्लेक्स लागला, 'एकहाती ज्योत'. देवी वरच्या कोपऱ्यात होती, तळहाताएवढी. उरलेली जागा दंडांना लागली.

धाकटी बहीण धनश्री नगरला फिजिओथेरपी शिकत होती. तिनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "दादा, तू शेवटचा कधी पळाला व्हतास?"

"मला पळायची गरज पडत न्हाई. मला बघून लोक पळत्यात."

"स्नायू म्हंजी बारीक तंतूंची जुडी असती. रक्त तंतूच्या कडंनं जातं, प्राणवायू तिथनं आत झिरपतो. तंतू लई जाड झाला की मधल्या भागाला तो पोचतच न्हाई. आपल्या कॅनॉलसारखं. तोंडाला ऊस, शेवटाला, टेलवर, कुसळं. वजन उचलायला जाड तंतू झकास, पन लांबचं पळायला बारीकच बरा."

"कानिफसारखा?" हर्षल हसला. चुलतभाऊ कानिफनाथ कॉलेजातून लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचा. वारा सुटला की वाळवणाबरोबर त्यालाही घरात घ्यावं, असं हर्षलचं मत होतं. "त्यो स्नायू न्हाई, सुतळी हाय."

"सुतळी राशीनला जाऊन येती, दादा."

आई रतनबाई चुलीपुढून म्हणाली, "पळ बाबा. पाय मीच धुनार. साऱ्या भावकीत सांगून ठिवलंय."

संपलं. हर्षलला दिव्याचं फारसं काही नव्हतं, ओढ होती ती पाय धुणाऱ्या आईच्या तांब्याची. एवढं अंग कमावलं, पण आईच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द त्याला अजून मिळाला नव्हता.

राशीनहून तो मोबाईलवाल्यांकडे बघून हसत निघाला. देवळाचा कळस दिसत होता तोवर वाऱ्यासारखा पळाला. मग बैलासारखा. मग उभाच राहिला. दंड जागेवर होते, छाती जागेवर होती. फक्त मांड्यांच्या आत टेलचे शेतकरी 'पाणी सोडा' म्हणत रास्ता रोकोला बसले होते.

"आना इकडं, दादा," मंडळाच्या पोरांबरोबर शेजारून पळत आलेला कानिफ म्हणाला. त्याला धाप लागली नव्हती, हे हर्षलला असभ्य वाटलं.

"जरा धर. वेशीच्या अलीकडं मला दे."

हर्षलला टेम्पोत चढवायला तिघं लागले. चपलांच्या ढिगावर बसून त्यानं तळपायांवर जारचं पाणी ओतून घेतलं आणि कानिफची पाठ दमायची वाट बघितली. मंडळाच्या पोरांनीही बघितली. पाठ काही दमली नाही.

वेशीच्या अलीकडं शाळेच्या भिंतीआड टेम्पो थांबला. हर्षलनं कपाळावर पाणी शिंपडून घाम तयार केला. कानिफनं ज्योत दिली आणि म्हणाला, "सावकाश दादा, चढ हाय."

चढ म्हणजे वेशीपर्यंतचा नवा सिमेंटचा रस्ता. हलगी वाजली, फुलं पडली. रतनबाईनं लेकाच्या पायांवर तांब्या तिरका केला. पाणी पायांवरून गेलं ते आलं तसंच, नितळ. तिनं ते सिमेंटवरून ओघळताना शेवटपर्यंत बघितलं. मग मागं उभ्या कानिफच्या पायांकडं बघितलं. ते पोटरीपर्यंत राशीनचा रस्ता झाले होते.

"ज्योत त्याच्याकडं दे," ती म्हणाली.

"आई, लोक बघत्यात."

"मग नीट दे. इझवू नको."

तिनं कानिफचे पाय धुतले. पाणी मातीनं तांबडं झालं. तांब्यात थोडं उरलं होतं, ते घेऊन ती मागून आलेल्या टेम्पोकडं गेली. पुढच्या चाकावर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं आणि पदर सावरून वाकून नमस्कार केला.

"माझ्या लेकाला यानं आनलं," ती भावकीला म्हणाली.

हलगीवाला क्षणभर घोटाळला. मग त्यानं चाकासाठीही वाजवली.