शेवटच्या मिनिटांतला बॉल

"तेव्हा माझ्या अशिलाला धड उभंही राहता येत नव्हतं," वकीलबाई न्यायाधीशांना सांगत होत्या. "बॉल आला असता, तर सरळ आत गेला असता. आणि गोल तर झालाच नाही."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुटबॉलच्या मैदानावर ती गोलमध्ये उभी राहिली की तिला सगळे कौतुकाने 'अडसर' म्हणत. आणि ही बाई, तीही आपल्याच बाजूची, भर कोर्टात तिची लाज काढत होती!

भांडण साधं होतं. कॉलेजकडून चारच हंगाम खेळता येतात. सामन्यात गोलकीपरचा बॉलला एकदा जरी हात लागला, तरी तो हंगाम खेळला असं धरतात. दुसऱ्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वर्षभर ती बाकावरच होती. फक्त एका सामन्यात, अगदी शेवटी, मुख्य गोलकीपरचा पाय मुरगळला आणि प्रशिक्षकांनी हिला आत ढकललं. नियम काय सांगतो हे पाहायची तसदी त्या गृहस्थांनी घेतली नाही. आता विद्यापीठ म्हणत होतं, तुझे चार झाले, घरी बस. आणखी एक हंगाम मिळाला, तर मोठ्या क्लबात निवड व्हायची आशा होती. म्हणून बाबांनी दावा लावला होता.

प्रशिक्षकांनी मघाशी साक्षीत बिनदिक्कत ठोकून दिलं होतं, "बॉल तिच्याकडे आलाच नाही." त्यांना काय ठाऊक? ते पाठमोरे बसून त्या मुरगळलेल्या पायाला बर्फ लावत होते.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, "बॉलला हात लागला होता का?"

वकीलबाईंनी डोळे वटारले. 'नाही' म्हणायचं, हे त्यांनी कालपासून तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

"लागला होता," ती म्हणाली. "अडवला मी. आत नाही गेला."

दावा फेटाळला गेला.

बाहेर जिन्यापाशी बाबा कडाडले, "मोठी सत्यवादी लागून गेलीस! मातेरं केलंस सगळ्याचं. आता कोण विचारणार तुला?"

"ती वकीलबाई काय बोलली, ऐकलंत ना?"

"बोलू दे की! तुझ्या भल्यासाठीच बोलत होती."

"बाबा, तुम्ही होतात त्या दिवशी. पाहिलात ना तो बॉल?"

बाबांनी तोंड फिरवलं. "पाहिला," ते चिडूनच म्हणाले. "डाव्या हाताने काढलास. दुखऱ्या गुडघ्यावर पडून."

आणि तिची वाट न बघता ते जिना उतरू लागले. तीही कठडा न धरता त्यांच्यामागे उतरली.