गुणाबाईची साक्ष

"पुन्हा सांगा," वकील म्हणाले. "सून घर सोडून का गेली?"

गुणाबाई वकिलांच्या ओसरीवर जमिनीवर बसली होती. तिचा मुलगा परसू खांबाला टेकून उभा होता.

"तिची चाल बरी न्हवती म्हणून गेली," ती म्हणाली.

"हां. आणि नात घरी आली तर तिचं कोण बघणार?"

"मी."

"शाब्बास. कोर्टात एवढंच बोलायचं."

जयवंताच्या चालीत काही वाकडं नव्हतं, हे सगळ्या वडगावला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी परसूनं मालुबाईशी पाट लावून तिला घरात आणलं. जयवंता त्यावर बोलली, तेव्हा त्यानं हाताला लागलेलं लाकूड तिच्या डोक्यात घातलं. रक्तानं भिजल्या पदरानिशी, तीन वर्षांची अंजनी कडेवर घेऊन ती सांबऱ्याला भावाकडे गेली. त्यानंतर परसूनं पोरीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि आता जिल्हा कोर्टात त्याचा अर्ज होता. मुलगी माझी आहे, ती माझ्या ताब्यात द्या.

त्याला पोर का हवी होती, तेही गुणाबाईला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जन्मभर रहाटावर बसून हातमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, पण आता सूत तुटलं की टोक सापडत नसे. परसूचा माग खोळंबून राही. एका दुपारी तो तिच्यासमोरच मालुबाईला म्हणाला होता, "बाई ठिवली तर मजुरी द्याया लागतीया. आपली पोर नऊ वर्साची झालीया की. तिला बसवू म्हातारीच्या जागी."

"वकीलसाब," गुणाबाईनं विचारलं, "पोर तिनं वाढवली. मग ती ह्याची कशी?"

"कायद्यानं पालक बापच. हक्क त्याचा. न्यायाधीश फक्त एवढं बघतील, की बापाच्या घरी मुलीचं नीट होईल का. सावत्र आईच्या हाती ते पोर सोपवायचे नाहीत. म्हणून तर तुम्हांला आणलंय. सख्खी आजी घरात आहे, हाच आपला आधार."

"म्हंजे मी घरात नसलो तर?"

"तर अर्ज लंगडा." वकील हसले. "पण तुम्ही कुठं जाताय आता या वयात?"

"आन् घर? त्ये मी आन् ह्याच्या बानं मिळून बांधलंय."

"नवऱ्यामागं घर मुलाचं, गुणाबाई. तुम्हांला अन्नवस्त्र मिळतंय की."

परसूही हसला. ते हसणं गुणाबाईच्या जिव्हारी लागलं.

तारखेच्या दिवशी निघताना तिच्या काखेत गाठोडं होतं. "भाकरी कशाला इतकी?" परसूनं विचारलं. ती पुढं चालत राहिली.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली जयवंता बसली होती. शेजारी तिचा भाऊ नागोजी होता, आणि तिच्या मांडीला चिकटून परकर-पोलक्यातली एक लांब मानेची पोर. गुणाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. पोरीचा चेहरा तिला नीट दिसला नाही.

पट्टेवाल्यानं पुकारा केला. गुणाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, देवाची शपथ घेतली. गाठोडं पायाशी ठेवलं.

"तुमची सून घर सोडून का गेली?" वकिलांनी विचारलं.

"ह्यानं तिचं डोस्कं फोडलं म्हणून."

वकिलांनी कागदातून मान वर केली. "नीट आठवून सांगा. तिची वागणूक—"

"तिची वागणूक चांगली हुती. वाईट सांग म्हणून मला तुमीच शिकविलासा."

मागं बसलेली माणसं कुजबुजली. वकिलांनी घाईनं पुढचा प्रश्न टाकला. "ते असो. मुलगी आली तर घरात तिला सांभाळायला तुम्ही आहात ना?"

"न्हाय. मी त्या घरात न्हाय." तिनं गाठोडं उचलून कठड्यावर ठेवलं. "आज सकाळी घर सोडलो. निपाणीला भनीकडं चाललो. ती तंबाखूच्या वखारीत कामाला जातीया, मी बी जाईन."

"आये!" परसू ओरडला. न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं.

जयवंताच्या वकिलांनी उठून एवढंच विचारलं, "तुमचा मुलगा मुलीला का मागतो?"

"माझं डोळं गेलं म्हणून! माझ्या जागी रहाटावर बसवाया!" गुणाबाईनं कठड्यावर हात आपटला. "मला बी आसंच पोरपणी बसवलं हुतं. केस पिकलं, डोळं गेलं, तरी उठू दिलं न्हाय. आता ही पोर पायजे व्हय त्यास्नी?"

"बाई, आवाज कमी करा," न्यायाधीश म्हणाले.

"जल्मभर कमीच हुता, सायेब."

न्यायाधीशांनी लिहायला घेतलं.

दुपारनंतर निकाल सांगितला. अर्ज फेटाळला, मुलगी आईकडेच राहील. बापाला भेटायचं असेल तर त्यानं सांबऱ्याला जाऊन भेटावं.

पायऱ्यांवर परसूनं तिला गाठलं. "पुन्यांदा घरात पाय ठिवायचा न्हाय."

"ठिवणार न्हाय. शपथ घिऊन सांगितलो की."

तो थुंकून निघून गेला.

झाडाखाली जयवंता चपला घालत होती. गुणाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उपकार झालं म्हणू काय, आत्याबाई?" जयवंता म्हणाली. तिचा आवाज तापलेला होता. "त्या दिशी तुमी रहाटावरच हुता. मी रगतात पडलो, तुमी मान बी वर केली न्हाईसा. तवाच ह्यातलं एक अक्षर बोलला असता तर?"

"व्हय," गुणाबाई म्हणाली.

पोर मामाचं बोट धरून दोघींकडे बघत होती. आता जवळून गुणाबाईला ती दिसली. कपाळ थेट परसूच्या बापाचं. हात लावावासा वाटला.

"आये, ही म्हातारी कोण गं?"

जयवंतानं पोरीला जवळ ओढलं. "कोण न्हाय," ती म्हणाली. "वडगावची हाय कुणीतरी. चल."

तिघं सांबऱ्याच्या रस्त्याला लागली. पोरीनं एकदा मागं वळून पाहिलं. गुणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारत विचारत निपाणीच्या मोटारीपर्यंत गेली.

मोटार भरली होती. मागच्या बाकावरच्या एका बाईनं अंग चोरून तिला जागा दिली.

"कुठल्या म्हणायच्या तुमी?" त्या बाईनं विचारलं.

मोटार हलली, गाव मागं पडू लागलं.

"निपाणीच्या," गुणाबाई म्हणाली.