करामातलं गरम पाणी

मी ट्यूलिप पॉपलर, अमेरिकेतलं उंच वाढणारं झाड, बोलतोय, दुबईतल्या करामामधून, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून. माझी पानं गळू लागल्यापासून विभावरीला झोप नाही. सहा वर्षांच्या लेकीला, आभाला, काय सांगायचं?

माझं बी आभाच्या अमेरिकेतल्या मावशीनं पाठवलं. आम्हाला रुजण्याआधी हिवाळा लागतो. दुबईत तो आणायचा कुठून? विभावरीनं मला ओल्या रुमालात गुंडाळून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं, कोथिंबिरीशेजारी. मार्चमध्ये कुंडीत लावलं.

कात्रीनं टोक कापल्यासारखी माझी पानं. आभा मला रोज दुपारी शाळेतून आल्यावर पट्टीनं मोजायची, मग मातीचे हात बाल्कनीतल्या नळावर धुवायची. ‘वेन विल ही बी टॉलर दॅन बाबा?’ तिचे बाबा, सूर्यकांत, पेपरातूनच म्हणायचे, ‘विभा, मनीप्लँट आण गं. टेन्शन खलास.’

जूनमध्ये ऊन वाढलं, तशी विभावरीची माया वाढली. भर दुपारी दोनदा-तीनदा त्याच नळाला पाइप लावून ती मला पाणी घालायची. माझी मुळं भाजत होती. सांगणार कसं? पानं टाकत गेलो. पान गळलं की ती आणखी पाणी घालायची. घाबरलेल्या माणसाचा हात थांबत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

एक दिवस शेजारच्या जुलेखाआपा डबा परत द्यायला आल्या. वीस वर्षं इथे राहिलेल्या. पाइपखाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं.

‘अरे विभावरी, टंकी छत पे है! गर्मी में नल का पानी चाय बनाने लायक होता है. गीझर बंद रखो, घर के अंदर उसका पानी ठंडा हो जाता है, वही डालो.’

विभावरीचा हा इथला पहिलाच उन्हाळा. आंघोळी सकाळीच उरकायच्या. दुपारचं पाणी तिनं हाताला लावून पाहिलंच नव्हतं. एम.एस्सी. झालेली बाई, कुंडीपाशी बसली ती उठेचना.

आता मला एक पान आहे आणि खोडाशी एक बारीक कोंब. तो धरेल की नाही, मलाही ठाऊक नाही. एवढंच मागतो, आम्हाला पाणी घालण्याआधी त्यात आपलं बोट बुडवा.

त्याच दुपारी आभा शाळेतून आली. विभावरीनं तिला माझ्यासमोर बसवलं.

‘बाळा, झाड माझ्यामुळे असं झालं. पाणी गरम होतं. मला कळलंच नाही गं.’

आभानं पट्टी माझ्या एकुलत्या पानाला लावली. मग म्हणाली,

‘आय न्यू इट वॉज हॉट, मम्मा. आय थॉट यू न्यू.’