रस तळाला, पाला वर

रविवारची दुपार म्हटली की लोक हातपाय पसरून पडतात. पडदेवालीच्या नशिबी मात्र सॅलडचा पाला पुसणं आलं होतं. ओट्यावर काचेच्या पाच बरण्या ओळीने उभ्या, बाजूला सोललेल्या गाजरांचा ढीग, आणि ही बाई धुवट सुती फडक्याने एकेक पान टिपत बसलेली, तान्ह्या पोराचं अंग पुसावं तशी. पानावर थेंबभर पाणी राहिलं तरी दोन दिवसांत चिखल होतो, असं लेकीने फोनवर बजावलं होतं. लेक परगावी शिकत होती आणि आठवड्याचे डबे असेच एका दमात भरून ठेवायची.

पडद्यांच्या कारखान्यात दिवसभर काठ दुमडून शिवायचे, म्हणून तिला सगळे पडदेवाली म्हणत. तिचा नवरा क्रेनवाला. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या टोकाशी काचेची खोली असते ना, त्यात बसून लोखंड उचलायचा. सकाळी शिडीने वर गेला की संध्याकाळीच खाली. जेवायला कोण उतरतंय आणि पुन्हा कोण चढतंय! खाली माल बांधणारा हुकवाला त्याचा जिवाचा दोस्त. तो दोरीला बादली बांधून गरमागरम तळलेले बटाट्याचे काप वर पाठवायचा. वर्षानुवर्षं ती बादली वरखाली होत राहिली आणि क्रेनवाल्याची साखर नुसती वरच जात राहिली.

शेवटी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासू. साखर उतरली तर ठीक. नाहीतर तुम्ही उतरा. वर चक्कर आली तर खालच्या माणसांचं काय?"

खाली म्हणजे सामानाच्या खोलीत बसून हातमोजे वाटायचे. क्रेनवाला त्या दिवशी घरी आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. "मोजे वाटू होय मी?" एवढंच म्हणाला. एरवी तोंडाचा पट्टा कधी बंद न पडणारा माणूस, पण त्या रात्री मान खाली घालून जेवला आणि स्वतःचं ताट स्वतःच घासून ठेवलं. चिडला असता तर परवडलं असतं.

म्हणून या बरण्या. एकदम सोपं आहे, लेक म्हणाली होती. तळाला लिंबाचा रस, दोन चमचे तेल, मिरपूड. त्यावर गाजर, मुळा, असलं टणक, जे रसात बसलं तरी हूं की चूं करत नाही. त्यावर उकडलेले चणे, मग मक्याचे दाणे, मग अंड्याचे काप. आणि सगळ्यांत वर कोरडा ठणठणीत पाला. पाला आणि रस यांची गाठ जेवणाच्या वेळेपर्यंत पडू द्यायची नाही. फ्रिजमध्ये उभी ठेवायची, पिशवीत उभी न्यायची आणि खाताना झाकण घट्ट लावून उलटीसुलटी करायची. सोपं! सोपं म्हणणारीला काय जातंय? तिला एक तोंड भरायचं असतं. इथे गाजरं सोलून पडदेवालीची बोटं भगवी झाली होती.

त्यात सासूबाई. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, नजर घारीची. गल्लीतल्या सगळ्या घरांची लोणची एके काळी त्यांनीच घातलेली. बरण्या दिसल्या की त्यांचे हात शिवशिवायचे.

"गाजर एवढं जाड?"

"आई, तुम्ही बाहेर बसा बघू."

"मीठ कुठे दिसत नाही यात."

"मीठ नाहीच घालायचं. आई, मला एवढं उरकू द्या, मग काय ते बोला."

सासूबाई "बरं बाई, आम्ही आता परके" असं भिंतीला सांगत बाहेर जायच्या. पडदेवाली स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

सोमवारी बरणी रिकामी परत आली. "बरं लागलं," क्रेनवाला म्हणाला. पडदेवाली खूश. मंगळवारी बरणीच्या तळाशी चणे तसेच. बुधवारी अर्धी बरणी परत. गुरुवारी त्याने ती तिच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे, ते तूच सांग."

पाला शेवाळासारखा काचेला चिकटला होता. अंड्याचा पिवळा भाग गाजरांत, गाजरं मक्यात, सगळ्यांचा एक गाळ.

"तुम्ही पिशवी आपटत असाल."

"आपटायला मी काय धोबी आहे? मांडीवर घेऊन बसतो बरणी, मांडीवर!"

पुढच्या रविवारी तिने पाला पंख्याखाली अंथरला. भाजीवाल्याशी भांडली. तो म्हणाला, "ताई, पाला ताजाच आहे, तुम्हीच त्याला काहीतरी करताय." ती आणखी भडकली. बरण्यांची झाकणं बदलली. फ्रिजचं बटण वळवलं, तर दूध गोठलं. लेकीला फोन केला.

"आई, आडवी ठेवतेस का बरणी?"

"उभी! शिपायासारखी उभी!"

"मग रस जास्त होत असेल."

"चमच्याने मोजून घालते गं बाई. आता काय ड्रॉपर आणू?"

पण गत तीच. सोमवारची बरणी धड, मंगळवारची बरी, पुढच्या सगळ्या वाया. पडदेवालीने हात टेकले. आणि मग एका संध्याकाळी नवऱ्याची पँट धुवायला टाकताना खिशात तेलाने पारदर्शक झालेला कागद सापडला. कागदाला बटाट्याच्या कापांचा वास.

तिने तो त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय?"

क्रेनवाल्याने आधी कागदाकडे पाहिलं, मग छताकडे. "हुकवाल्याने पाठवले. नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने म्हणायचं!"

"अगं, दिवसभर काम करायचं. तो गाळ खाऊन माणूस उभा राहील का?"

"तुम्ही बसलेलेच असता!"

त्याने कागद चुरगाळून केराच्या डब्यात टाकला. पण तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. तपासणी तोंडावर आली होती. हा माणूस उपाशीपोटी नाही, भरल्या पोटी हातमोजे वाटायला जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

त्याच आठवड्यात कारखान्यातली वीज गेली आणि बायकांना सकाळीच घरी सोडलं. पडदेवाली दारात आली तर आतून खळखळ आवाज. चपला काढून ती स्वयंपाकघराशी गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

फ्रिज उघडा होता. समोर स्टुलावर सासूबाई, मांडीवर बरणी. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, कानाशी नेऊन खळखळवली, बुडावर दोन चापट्या मारल्या. मग झाकण उघडून वरून चिमूटभर मीठ सोडलं, झाकण लावलं, पदराने काच पुसली आणि बरणी जागेवर ठेवून पुढची उचलली. सगळं इतकं मन लावून, की सून आलेली त्यांना कळलंही नाही.

"आई!!"

सासूबाई दचकल्या, पण बरणी सुटू दिली नाही. "केवढ्याने ओरडतेस? पडली असती ना."

"काय करताय तुम्ही?"

"काय म्हणजे? बरण्या हलवतेय. भरून ठेवल्यास आणि हात म्हणून लावत नाहीस. रोज हलवली नाही तर वरचं कोरडं राहतं, बुरशी धरते. तू कामावर जातेस, तुला कुठून सवड? म्हणून मी करते रोज. आणि मिठाशिवाय कधी काही टिकलंय?"

पडदेवालीने कपाळावर हात मारून घेतला. मग तिचा तोल सुटला. पंखा, भाजीवाला, गोठलेलं दूध, खिशातला कागद, सगळं एका दमात बाहेर पडलं. "हे लोणचं नाही, आई! मी पान न पान पुसते आणि तुम्ही ते रसात बुडवता? त्या माणसाची नोकरी जाईल, कळतंय का? तुमच्या हातच्या मिठाने जाईल!"

सासूबाईंनी बरणी हळूच ओट्यावर ठेवली.

"मला कुठे काय सांगितलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर काय बोलली, ते दार लावून बोललात. बरण्या दार लावून भरल्यास. मला आपलं दिसलं की माझ्या बाळ्याचं खाणं खराब होतंय. मी आणखी हलवलं."

आणखी हलवलं! पडदेवालीने उघडा फ्रिज लावून टाकला. तिला हसावं की रडावं कळेना. राग तसाच होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. दार तिनेच लोटलं होतं, हे खोटं नव्हतं. पण दार उघडं असतं तर सासूबाईंनी गाजरावरून डोकं खाल्लं असतं, हेही खोटं नव्हतं.

"नोकरी जाईल म्हणजे? काय झालंय त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

मग तिने सांगितलं. रक्त, साखर, शिडी, हातमोजे. सासूबाईंनी मिठाचा डबा उचलून फळीवर मागे सारला.

"आणि तो खालून तळलेलं मागवतो?"

"हुकवाला पाठवतो."

"चल," सासूबाई उठल्या. "चपला घाल."

दोघी बांधकामावर पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा वर आहे. त्याला खाली बोलवतोस की मी चढू?" पहारेकऱ्याने मुकाट्याने दोघींच्या डोक्यांवर हेल्मेट ठेवली आणि हुकवाल्याला हाक मारली. हुकवाला आला तो हातात पुडी घेऊनच. पुडीतून वाफ येत होती.

"काकू, तुम्ही? इकडे?"

"दे ती इकडे," पडदेवाली म्हणाली.

"वहिनी, हे माझं—"

"तुमचं असेल तर इथेच खा. माझ्यासमोर."

बिचाऱ्याने उभ्या उभ्या सगळे काप खाल्ले, जीभ भाजली तरी. तोवर सासूबाईंनी बादलीची दोरी सोडली आणि बादलीच काखेत मारली. "तुला काय वाटतं, तू त्याचा दोस्त आहेस?" त्या म्हणाल्या. "उद्या तो मोजे वाटत बसला की तुझे हुक कोण उचलणार? कुणीतरी नवशिका. मग बघ मजा."

हुकवाला तोंडातला घास गिळून म्हणाला, "मला हे त्याने सांगितलंच नाही, काकू."

"आमच्याकडे कुणी कुणाला काही सांगतच नाही," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे बघायचं टाळलं.

पडदेवालीने मान वर केली. इतकी वर्षं डबा भरला, पण तो कुठे खाल्ला जातो हे तिने पाहिलं नव्हतं. ढगाला टेकल्यासारखी ती काचेची खोली, आणि काचेशी नवऱ्याचं डोकं, वाटाण्याएवढं. खाली जमलेला घोळका त्याने पाहिला असावा, कारण क्रेन जागच्या जागी थांबली होती. तिने कमरेवर हात ठेवले आणि तशीच बघत राहिली. बराच वेळ क्रेन हललीच नाही.

त्या रविवारी दार उघडं राहिलं. सासूबाईंनी गाजर बारीक चिरलं, सुनेच्या गाजराला नावं ठेवली आणि फ्रिजच्या बाजूला एकदाही फिरकल्या नाहीत. क्रेनवाल्याला मात्र खाण्यापूर्वी बरणी हलवायची असं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आईने हलवलं तर पाप आणि मी हलवलं तर पुण्य?"

"वेळेचा फरक आहे!" दोघी एकदम ओरडल्या.

बरण्या चाटूनपुसून रिकाम्या येऊ लागल्या. तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला. साखर उतरली होती. फार नाही, पण शिडी चढण्यापुरती. "वर जा," त्या म्हणाल्या. "पण आता दर तीन महिन्यांनी तपासायचं. काम सोडेपर्यंत."

क्रेनवाला त्या दिवशी सुट्टी टाकून दुपारीच घरी आला. आनंदात होता. आधी त्याने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग गॅसची नळी तपासली. मग ओट्याची उंची चुकलीय असं जाहीर केलं. पडदेवाली कामावरून आली तर चहापत्ती सापडेना.

"दर तीन महिन्यांनी?" ती म्हणाली. "काम सोडेपर्यंत? म्हणजे मी म्हातारी होईपर्यंत दर रविवारी पाला पुसत बसू?"

"एवढा त्रास होत असेल तर राहू दे," तो समजूतदारपणे म्हणाला. "मी कामच सोडतो. घरीच बसतो की. तुला सगळं नीट लावून देतो."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, हो म्हणू नकोस!"

पडदेवालीने एकदा डब्यांच्या नव्या रांगेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग पिशवीतून पाल्याची जुडी काढली, फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "बसा इथे. आणि पान फाटता कामा नये."