लंबूसाहेबांची शिडी

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. अंग लोखंडी पाइपांचं, रंग पिवळा, वर दोन वाकडे हात. त्या हातांनी लढाऊ विमानाची कड धरून मी उभी राहायचे. वैमानिक माझ्यावरून चढून आपल्या जागी बसायचा, आणि परत आला की मीच त्याला खाली घ्यायचे. लोकांना वाटतं, शिडी चढण्यासाठी असते. पण वर जाणारा ताजातवाना असतो. घामाने भिजलेला, कानात घरघर भरलेला माणूस सुखरूप जमिनीला लावणं, हे माझं खरं काम.

तळावरच्या वर्कशॉपमध्ये एका वेल्डरने मला जोडलं. मग माझ्या कुशीवर एका विमानाचा नंबर रंगवला आणि मला फिटरमामांच्या ताब्यात दिलं. विमान आभाळात असेपर्यंत त्याची शिडी त्याच्या रिकाम्या जागेपाशीच उभी ठेवायची, दुसऱ्या कुणाला लावायची नाही, असा मामांचा नेम होता. कुणा साहेबाचा हुकूम नव्हे. माणूस येईल तेव्हा त्याची शिडी जागेवर हवी, एवढंच.

माझा वैमानिक उंचाडा. सगळा तळ त्याला लंबूसाहेब म्हणायचा. तो पायऱ्या गाळत चढायचा.

"अहो साहेब, मधल्या पायऱ्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" मामा खालून ओरडायचे.

"पायच लांब पडतात मामा, काय करू?"

शेजारच्या विमानातून त्याचा जोडीदार बुटक्या हाक द्यायचा, "त्याच्या उरलेल्या पायऱ्या मला पाठवा मामा, मला कमी पडतात!"

मग युद्ध लागलं, आणि हसणं आटलं. तो आता एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरू लागला. एकदा शेवटच्या पायरीवरच बसला. मामांनी पाणी दिलं, तर ग्लास हातात तसाच राहिला. म्हणाला, "वरून शहर दिसतं, मामा. माझ्या पोरीच्या शाळेचं मैदानसुद्धा ओळखू येतं."

एका सकाळी भोंगा वाजला. दोघंही उडाले. त्यांच्या मागे तळावर बॉम्ब पडले. धूर निवला तेव्हा बुटक्याच्या शिडीचा चेंदामेंदा झाला होता. मी मात्र माझ्या जागी उभी होते.

बऱ्याच वेळाने एकच विमान उतरलं. पंखाची चाळणी झालेली. बुटक्या आत अडकला होता, त्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं.

"मामा, शिडी आणा!" माणसं ओरडली.

मामा मला धरून तसेच उभे. "ही साहेबांची आहे. ते येतीलच आता. मग कशावरून उतरतील?"

बुटक्याने काच मागे सारली. चेहरा काळवंडलेला. "आणा शिडी, मामा. तो येत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्यासमोर झालं. बॉम्ब घेतलेलं शत्रूचं एक विमान शहराकडे निघालं होतं. लंबूच्या गोळ्या संपलेल्या, माझा पाय कामातून गेलेला. रेडिओवर म्हणाला, 'बुटक्या, तू घरी जा.' आणि सरळ जाऊन त्या विमानावर आदळला. दोन्ही समुद्रात गेली."

एरवी मामा मला काखेत मारून न्यायचे. त्या दिवशी त्यांनी मला खांद्यावर घेतलं, घरातलं कुणी गेल्यावर घेतात तसं. बुटक्या माझ्यावरून उतरला. त्याचं रक्त मामांनी आपल्या सदऱ्याने पुसलं, आणि पुसता पुसता माझ्या पायरीवर डोकं टेकलं.

युद्ध संपलं. शहरातल्या मोठ्या चौकात ठेंगण्या खांबावर एक जुनं विमान बसवलं, त्यावर लंबूसाहेबांचा नंबर रंगवला. फुलं वाहायला पाहुण्यांना वर चढावं लागतं, म्हणून नवा रंग चोपडून दरवर्षी मला तिथे नेतात. मामांना कोणी बोलावत नाही. माइकवर पाहुणे सांगतात, "त्यांनी हसत हसत प्राण दिले!" हसत? त्या सकाळी चढताना त्याचे गुडघे थरथरत होते. ते थरथरणं माझ्या अंगात अजून आहे. थरथरत गेला तो, मित्रांनो, तरी गेला. पण टाळ्या मिळतात त्या हसण्याला.

यंदा त्याची बायको मुलीला घेऊन कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाकडे आली. "हिला एकदा या शिडीवर चढू द्या."

"वहिनी, शिडी पाहुण्यांसाठी आहे. फोटो होऊ देत, मग बघू."

फोटो झाले, आणि लगेच मला ट्रकमध्ये टाकायला उचललं.

"चल आई," मुलगी म्हणाली. "नाहीतरी ते बाबांचं विमान नाहीच."

"माहीत आहे गं. पण शिडी त्यांचीच आहे."

मुलगी धावत आली. तिची बोटं माझ्या पायरीला नुसती लागली. "ए पोरी, बाजूला हो!" हमाल खेकसला आणि ट्रकचा मागचा फाळका धाडकन लागला.

मित्रांनो, मला रंग देऊ नका. गंज चढला तरी चालेल. पण उद्या पुन्हा कुणाला टाळ्या वाजवत वर चढवाल, तेव्हा हात थांबवून एकमेकांना विचारा, याला उतरवून कोण घेणार? आणि उत्तर मिळेपर्यंत शिडी लावू नका.